माफ करणारं लोखंड

मागच्या वर्षी फिनिक्समधल्या एका दुकानात मी गोल्फ क्लब्जचा जुना सेट शोधत होतो. दुकानाच्या कोपऱ्यात जाळी आणि पडदा लावलेला होता. चेंडू जाळीत मारायचा आणि तो मैदानावर कुठे गेला असता, ते पडद्यावर बघायचं. विक्रेत्याने माझ्या हातात सात नंबरचं आयर्न दिलं आणि दहा चेंडू मारायला सांगितले. सात उजवीकडे भरकटले, दोन जमिनीलगत सरपटले आणि एक सरळ गेला. मी त्या एकाकडे बघून खूश होतो. विक्रेता बाकीच्या नऊंकडे बघत होता. तो म्हणाला, तुला ‘फरगिव्हिंग’ आयर्न्स लागतील.

गोल्फवाल्यांच्या तोंडी हा शब्द सतत असतो. मी मनात त्याचं मराठी केलं आणि तिथेच अडलो. माफ करणारं लोखंड. कुणाला माफ करणारं? कशाबद्दल? आणि ज्याला माफ केलं, त्याला ते कळायला हवं की नको?

हा तिसरा प्रश्न मला तेव्हा नको होता. कारण दोनच महिन्यांपूर्वी सांगलीत एका मित्राच्या लग्नात मला एक गोष्ट कळली होती आणि ती कळल्यापासून एक फोन करायचा राहिला होता. त्या गोष्टीकडे येतोच. आधी थोडं लोखंडाबद्दल.

*

गोल्फच्या पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब ठेवता येतात. त्यातले पातळ, तिरक्या चेहऱ्याचे, मधल्या आणि जवळच्या अंतराला वापरायचे ते आयर्न्स. नवशिक्या माणसाची यांच्याशी सगळ्यात जास्त झटापट होते. चेंडू क्लबच्या तोंडाच्या बरोबर मध्यावर बसला, तर हाताला जवळजवळ काही जाणवत नाही आणि चेंडू सुरेख जातो. तो टोकाकडे, म्हणजे ‘टो’कडे बसला, तर क्लबचं डोकं हातात वळतं, जोर वाया जातो आणि चेंडू दुसरीकडेच निघतो. दांड्याकडच्या बाजूला, म्हणजे ‘हील’ला बसला, तर ते उलट्या दिशेला वळतं.

जुन्या पद्धतीचं आयर्न म्हणजे ‘ब्लेड’. लोखंडाची एक सलग, पातळ, देखणी पट्टी. वजन बरंचसं मधोमध. मध्यावर बसलं तर स्वर्ग. अर्धा इंच इकडेतिकडे झालं तर मनगटापर्यंत झिणझिण्या.

फरगिव्हिंग आयर्नमध्ये डोक्याची मागची बाजू पोखरलेली असते आणि तिथलं वजन कडेला नेलेलं असतं. याने काय होतं, ते कळायला कावड आठवा. दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असलेली कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळता येत नाही. तेवढंच वजन मधोमध बांधलं तर सहज वळता येतं. वजन कडेला गेलं की क्लबचं डोकंही असंच वळायला नाखूश होतं. चेंडू टोकाकडे बसला तरी ते फारसं ढळत नाही आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ, बऱ्यापैकी लांब जातो. शिवाय तळ रुंद असतो, म्हणजे क्लब जमिनीत रुतत नाही. वजन खाली असतं, म्हणजे चेंडू सहज उचलला जातो.

मी घेतलेल्या आयर्नचा फोटो कोल्हापूरला बाबांना पाठवला. बाबांनी शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं कास्टिंग तपासण्याचं काम केलं. त्यांचा लगेच फोन आला.

“मागनं पोकळ कशाला केलंय? माल वाचवला व्हय?”

मी कावडीचं उदाहरण दिलं. ते क्षणभर थांबले.

“म्हणजे वजन कडंला नेलंय. लॉस्ट वॅक्स असणार हे. वाळूत असली कड येत नाही.”

बरोबर होतं. मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि त्या जागी पोलाद ओतायचं. आयर्नची मागची बाजू हवी तशी पोखरायची तर ही पद्धत फार सोयीची.

*

हे सगळं रूढ करण्यात ज्याचा मोठा वाटा आहे, तो माणूस इंजिनियर होता आणि त्याची कंपनी फिनिक्समध्येच आहे. कार्स्टन सोलहाइम. जन्म १९११, नॉर्वेमधल्या बर्गनचा. लहानपणीच अमेरिकेत आला. वडील चांभारकाम करायचे, आणि पैशाअभावी कॉलेज सुटल्यावर यानेही तेच काम केलं. पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनियर झाला. गोल्फ खेळायला लागला तेव्हा चाळिशी उलटली होती. पटिंग काही केल्या जमेना, म्हणून त्याने १९५९ मध्ये घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच एक पटर बनवला. वजन मधोमध ठेवण्याऐवजी दोन टोकांना विभागलं. चेंडूला लागल्यावर त्यातून ‘पिंग’ असा आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं. १९६७ मध्ये त्याने नोकरी सोडली. वजन कडेला नेण्याचा तोच विचार त्याने आयर्न्समध्येही आणला. १९८२ साली आलेला पिंग आय टू हा सेट तर प्रचंड खपला.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. चाळिशीनंतर खेळायला लागलेल्या, न जमणाऱ्या माणसाने ही अवजारं बनवली. “तुला जमत नाही, आधी शिकून ये” असं त्याने कुणाला सांगितलं नाही. माणूस चुकणार हे गृहीत धरलं आणि अवजार बदललं. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करायचा प्रयत्न करतो. वापरणारा चुकीचं बटण दाबणारच, असं धरून चालतो.

पण या माफीला मर्यादा आहे. चेंडू *कुठे* बसला, ही चूक हे आयर्न बऱ्याच अंशी भरून काढतं. चेंडूला लागताना क्लबचं तोंड *कुणीकडे* होतं, ही चूक नाही. चेंडू निघतो तो मुख्यतः तोंड ज्या दिशेला आहे त्या दिशेला. तोंड उजवीकडे उघडं राहिलं आणि चेंडू अगदी मध्यावर बसला, तर तो अगदी सुरेख उजवीकडे जातो. हात चुकला तर हे लोखंड सांभाळून घेतं. नेम चुकला तर नाही.

‘सांभाळून घेणं’ हा शब्द इथे सहज आला. तोच धरून आता माझ्या गोष्टीकडे येतो.

*

मी बावीस वर्षांचा होतो. पुण्यात पहिली नोकरी, प्रोबेशन, डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. एका संध्याकाळी मी ग्राहकांच्या नोंदी दुरुस्त करणारी एक स्क्रिप्ट चालवली आणि बस पकडून घरी गेलो. सकाळी ऑफिसला आल्यावर माझी लीड म्हणाली, “झालं सगळं व्यवस्थित.” त्या वर्षी मला चांगलं रेटिंग मिळालं. मी घरी पेढे पाठवले.

चारेक वर्षांनी मी फिनिक्समध्ये होतो. एका शनिवारी मी तशीच एक स्क्रिप्ट चालवली. तिच्यातली अट ढिली होती. नको त्या नोंदीही बदलल्या आणि चार तास सेवा बंद पडली. सुट्टीच्या दिवशी अख्खी टीम कामाला बसली. सोमवारच्या बैठकीत मी चूक कबूल केली. वर एक वाक्य बोललो. “माझ्या हातून असं याआधी कधी झालेलं नाही.” ते मी मनापासून बोललो होतो.

मग सांगलीचं लग्न. पंगतीत शेजारी पुण्याच्या टीममधला एक जुना सहकारी होता. जुन्या गप्पा निघाल्या आणि तो हसत म्हणाला, “तुझ्या त्या स्क्रिप्टने आमची रात्र खाल्ली होती रे.”

मला काहीच कळेना. त्याला वाटत होतं मला माहीत आहे. त्या संध्याकाळी मी बसमध्ये असताना काही हजार नोंदींवर चुकीची तारीख बसली होती. कारण तेच, अट ढिली. लीडने रात्री दोनपर्यंत बसून बॅकअपमधून सगळं पूर्ववत केलं. अहवालात लिहिलं, ‘रिव्ह्यूमध्ये माझ्याकडून सुटलं’. त्या वर्षी तिचं रेटिंग खाली गेलं.

माझ्यासमोर जिलबी होती. ती मी खाल्ली की नाही, आठवत नाही.

मला काय वाटलं, ते नीट सांगायला मला अजूनही जमत नाही. कृतज्ञता होतीच. शरम होती. पण त्याखाली थोडासा रागही होता आणि त्याचीच मला जास्त शरम वाटत होती. जिने मला वाचवलं तिच्यावर राग? पण तो होता. कारण बैठकीतलं ते वाक्य आता खोटं ठरलं होतं. मी खोटं बोललो नव्हतो, तरी माझ्या तोंडून खोटं गेलं होतं. माझाच इतिहास मला ठाऊक नव्हता. मी चार वर्षं टोकाकडे मारत होतो आणि चेंडू सरळ जात होता.

*

मराठीत माफीच्या आसपास तीन वाक्प्रचार आहेत. आपण ते एकाच्या जागी दुसरा असे वापरतो, पण ते वेगळे आहेत.

पहिला, सांभाळून घेणं. नवीन सुनेला, नवीन पोराला, नवख्या गायकाला सांभाळून घेतात. यात चुकीचा परिणाम दुसरा कुणीतरी झेलतो. चुकणाऱ्याला ते कळेलच असं नाही.

दुसरा, पांघरूण घालणं. यात चूक झाकली जाते. जगापासून, आणि पुष्कळदा चुकणाऱ्यापासूनही.

तिसरा, पोटात घालणं. अपराध पोटात घाला, असं आपण हात जोडून म्हणतो. म्हणणाऱ्याला अपराध माहीत असतो, ऐकणाऱ्यालाही माहीत असतो. दोघांच्या मध्ये तो उघडा पडलेला असतो आणि तरीही समोरचा तो गिळतो. माझ्या मते खरी माफी ही एवढीच. पहिल्या दोन्हींत माफ करणारा असतो, पण माफी मिळालेला माणूस कुठे असतो? मला माफ केलं गेलं, पण माफी माझ्यापर्यंत पोचलीच नाही.

फरगिव्हिंग आयर्न सांभाळून घेतं. आणि आपण लक्ष दिलं नाही, तर हळूहळू पांघरूण घालायला लागतं. यातल्या अनेक आयर्न्सवरचा आकडासुद्धा पांघरूणच असतो. पूर्वी सात नंबरच्या आयर्नच्या तोंडाचा तिरकेपणा साधारण पस्तीस अंशांच्या जवळ असायचा. आता अशा अनेक सेटमध्ये तो तीसच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. म्हणजे जुन्या हिशोबाने पाच-सहा नंबरचा क्लब, वर सातचा शिक्का. चेंडू लांब गेला की आपल्याला वाटतं, आपण सुधारलो.

बाबांच्या कामातही हे होतंच. कास्टिंगला बारीक भोक राहिलं की काही ठिकाणी त्यात लांबी भरतात, घासतात, रंग मारतात. बाबा असला माल बाजूला काढायचे आणि त्यावरून भांडणं व्हायची. “बुजवलेलं भोक दिसत नाही,” ते म्हणायचे, “पण इंजिनात बसलं की बोलतं.”

*

मग कडक राहावं का? ब्लेडनेच शिकावं, हात सोलून निघू देत, तेव्हाच खेळ येतो, असं मानणारे लोक गोल्फमध्ये आहेत. सॉफ्टवेअरमध्येही आहेत. शाळेत छडी घेऊन उभे असलेलेही आपण पाहिलेत.

त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ब्लेड खोटं बोलत नाही. पण ब्लेड बहुतेकांना घरी पाठवतं. बाविसाव्या वर्षी, प्रोबेशनवर, माझ्या नावाने तो अहवाल गेला असता, तर कदाचित मी आज या क्षेत्रात नसतो. लीडने मला खेळात ठेवलं. नुसतं सत्य पुरत नाही, ते पचवायला माणूस आधी टिकावा लागतो. हे मी नाकारलं तर तो कृतघ्नपणा होईल.

गंमत म्हणजे गोल्फला हा पेच फार जुना आहे आणि त्याने एक तोडही काढली आहे. या खेळात बहुतेक वेळा पंच शेजारी नसतो. आपले फटके आपण मोजायचे. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्सने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला होता. गवतात चेंडू किंचित हलला होता आणि तो दुसऱ्या कुणी पाहिला नव्हता. चार फेऱ्या संपल्या तेव्हा त्याची बरोबरी झाली होती आणि पुढे प्लेऑफमध्ये तो हरला. त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करताना एक साधी गोष्ट आपण विसरतो. त्याला चेंडू हलताना *दिसला* होता. दिसला नसता, तर जगातला सगळा प्रामाणिकपणा त्याच्या कामी आला नसता. प्रामाणिक राहायलाही आधी माहिती लागते.

आणि याच खेळात हँडिकॅप आहे. माझ्यासारख्या कच्च्या खेळाडूला प्रत्येक फेरीत ठरावीक फटक्यांची सूट मिळते, म्हणजे मी मुरलेल्या खेळाडूबरोबर खेळू शकतो. ही माफीच आहे, आणि चांगली घसघशीत. पण ती कार्डावर आकड्यात लिहिलेली असते. मी किती चुकतो ते मला माहीत, समोरच्याला माहीत, आणि तरी आम्ही एकत्र खेळतो. हे पोटात घालणं.

तेव्हा माफ करावं की नाही हा प्रश्न माझ्यापुरता सुटला. करावंच. प्रश्न उरतो तो एवढाच की माफ केलेल्या चुकीची खूण राहते की नाही.

*

खूण ठेवायची एक स्वस्त युक्ती मला रेंजवर एका म्हाताऱ्याने दाखवली. पायांना मारायचा पावडरचा स्प्रे औषधाच्या दुकानात मिळतो. तो आयर्नच्या तोंडावर हलकासा मारायचा. पांढरा थर बसतो. चेंडू मारला की त्यात गोल ठसा उमटतो. कुठे बसला, ते स्वच्छ दिसतं.

फिनिक्समध्ये उन्हाळ्यात सकाळी साडेपाचलाच रेंजवर जावं लागतं, नंतर उभं राहवत नाही. त्या सकाळी मी तीस चेंडू मारले. वीस तरी सरळ गेले. ठसे मात्र बहुतेक सगळे टोकाकडे. हाताला काही कळलं नव्हतं, चेंडूने काही सांगितलं नव्हतं. मी चेंडूपासून जरा लांब उभा राहत होतो, एवढंच. अर्धं पाऊल पुढे सरकलो. ठसे मध्याकडे यायला पंधरा दिवस लागले. आयर्न तेच होतं, तेवढंच सांभाळून घेणारं.

फोटो बाबांना पाठवला. “ब्लू मॅचिंग की हे,” ते म्हणाले. दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का, ते बघायला एकाला निळा रंग लावतात आणि दुसऱ्यावर तो कुठे उमटतो ते बघतात. “लावल्याशिवाय कळत नाही. डोळ्याला सगळं सपाटच दिसतं.”

त्याच आठवड्यात मी लीडला फोन केला. तिच्याकडे रात्र होती, मुलाला झोपवत होती. मी लग्नातलं सांगितलं, आभार मानले, आणि मग विचारलं, “तुम्ही मला सांगितलं का नाही?”

ती बराच वेळ गप्प होती. “सांगणार होते अरे. म्हटलं आधी तुझं कन्फर्मेशन होऊ दे. मग तू इतका खूश होतास. मग राहूनच गेलं.”

मी सोमवारच्या बैठकीतलं ते वाक्यही तिला सांगितलं. ती म्हणाली, “ते मात्र माझं चुकलं.” मी नाही म्हणालो. ती म्हणाली, “नाही काय, चुकलंच. तू पोटात घाल आता.” आणि हसली. मला हसता आलं नाही, पण फोन ठेवल्यावर बरं वाटलं. पुढच्या बैठकीत मी टीमला सांगितलं की त्या दिवशीचं माझं वाक्य चुकीचं होतं, हे पूर्वीही झालेलं आहे. कुणी फार काही बोललं नाही. एकाने विचारलं, मग आता अट तपासायला काय करतोस? हा प्रश्न मला बाविसाव्या वर्षी हवा होता.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधल्या नवीन मुलाकडून एक गडबड झाली. मोठी नव्हती, मी दहा मिनिटांत गुपचूप निस्तरू शकलो असतो. बोटं कीबोर्डवर गेलीही होती. मग त्याला फोन लावला. अहवालात कुणाचं नाव घातलं नाही, ‘टीमकडून’ असं लिहिलं आणि ते त्याला दाखवलं. पण ती ओळ आम्ही दोघांनी मिळून उघडली, कुठे सुटलं ते त्यानेच शोधलं. त्याचा आवाज उतरला होता. मला वाईट वाटलं. तरी फोन ठेवला नाही, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत त्याच्याबरोबर बसलो.

आयर्न्स मी बदलली नाहीत, ती पोकळ पाठीचीच आहेत. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात स्प्रेची बाटली असते. दर शनिवारी पहिले दहा चेंडू ती मारून मारतो.